माझी विळी मंगेशकडे आहे

माझं नाव सुलोचना. माहेर वरच्या अंगाला, संगमेश्वराच्या पुढे, डोंगरात, नाचणी आणि भात करणारी माणसं आम्ही, समुद्र मी लग्न होईपर्यंत बघितलासुद्धा नव्हता. शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि पावसात साकव वाहून जायचा, तेव्हा बाप म्हणाला नाव लिहिता येतं, बेरीज येते, पुरे झालं. मला वाईट वाटलं का, असं विचारू नका. वाईट वाटायला पुढे काय आहे ते आधी ठाऊक असावं लागतं.

तुम्ही मंगेशचं विचारायला आलात ते मला कळलंय. सगळे त्याचंच विचारायला येतात. आणि येतात ते त्या दारानं, शालूकडे, कारण ती त्याची आई. तुम्ही चुकून ह्या दारानं आलात, आता बसा. मी त्याची काकी. त्याचं सांगायचं तर घराचं सांगावं लागतं आणि घराचं सांगायचं तर माझ्याशिवाय कोण सांगणार, शालूला गोड गोड तेवढंच आठवतं.

हे घर एक आहे, दारं दोन, चुली दोन. सासू गेल्यावर वेगळ्या केल्या, भांडण काही झालं नाही, नुसतं वेगळं केलं. मधे ही जांभ्याची भिंत घातली, पण ती कौलापर्यंत नेली नाही, दगड संपले की गवंडी कंटाळला ते आता आठवत नाही. त्यामुळे तिनं फोडणी दिली की मला ठसका लागतो आणि मी काही बोलले की तिला ऐकू जातं. आत्ताही ऐकत असेल. ऐकू दे.

मी ह्या घरात आले तेव्हा सासूनं मला विचारलं होतं, नारळ खवता येतो का. मागून शालू आली, धाकट्या दिराची बायको, गोरी, नाकात चमकी, तिला विचारलं, गाणं म्हणतेस का गो. तिथेच फरक पडला. गौरी आल्या की वाडीतल्या बायका आमच्या खळ्यात जमायच्या आणि पुढे शालू गायची, मागून आम्ही म्हणायचो. मी मोठी सून, पण मी मागून. आवाज माझा फाटका आहे हे मला मान्य आहे, तरी जळायचं ते जळायचंच. मी खोटं कशाला बोलू, मला तेव्हाही जळायचं, आता बहात्तर वर्षं उलटली तरी जळतं. काही माणसांना साखर होते, मला हे झालंय.

माझा नवरा मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा. मला प्रसाद झाला, मागून शालूला मंगेश झाला. शालूचा नवरा मासेमारीच्या लाँचवर खलाशी होता, तो काविळीनं गेला, मंगेश तेव्हा शाळेतही जात नव्हता. मग शालू कोळंबी सोलायच्या फॅक्टरीत लागली, सकाळच्या गाडीनं जायची ती दिवेलागणीला यायची, हाताची बोटं पांढरीफटक व्हायची बर्फानं, ते मी बघितलंय, ते मी नाकारत नाही. पण मग दिवसभर पोरगं कोणाकडे? माझ्याकडे. दोघांना मी जेवायला घातलं, दोघांच्या उवा मी काढल्या, दोघांना कुळथाची पिठी आवडायची नाही, दोघांना मी ती खायला लावली. संध्याकाळी शालू यायची, पदराला वास कोळंबीचा, आणि मंगेश धावत जाऊन तिच्या मांडीवर बसायचा. दिवसभर मी आणि मांडी तिची. आता ह्याला तुम्ही काय म्हणाल? ती त्याला अंगाई म्हणायची. भिंतीवरून मला ऐकू यायची. प्रसाद म्हणायचा आई तू पण म्हण ना, मी म्हणायचे झोप गपचूप.

माझं कसं होतं सांगते. दोन घरांचा नारळ मीच खवायचे. आमच्याकडे नारळाशिवाय कालवण नाही, तर रोज विळी. विळीवर बसलेल्या बाईला उठता येत नाही हो, एक पाय पाटावर दाबलेला, दोन्ही हातांत करवंटी, पुढे दाते. हे पोरांना बरोबर कळतं. नेमकी त्या वेळेला ती खाली समुद्रावरून यायची, वाळूनं भरलेली, ओली, आणि पुढच्या दारानं आत. मी उठून धपाटा घालू शकत नाही, मग हाताचं काम तोंडानं करायचं. पाय धुवा, आधी पाय धुवा, टाचा घासा, वाळू काय घरात पिकवायची आहे, मागल्या दारानं या, ओल्या चड्डीनं झोपाळ्यावर चढाल तर बघा. रोज तेच. एकीकडे हात चालू, एकीकडे तोंड चालू. प्रसाद पहिल्या शब्दाला पळायचा न्हाणीकडे. मंगेश नाही. तो तिथेच उभा राहायचा, वाळूचे पाय घेऊन, तोंडाकडे बघत, माझं सगळं म्हणून होईपर्यंत. मग हळूच जायचा पाय धुवायला. मी म्हणायचे, मेला निगरगट्ट आहे.

प्रसाद शिकला, बँकेत लागला, डोंबिवलीला घर घेतलं, सून चांगली आहे. दर रविवारी फोन करतो, आई गोळ्या घेतल्यास का. घेतल्या. पाऊस आहे का. आहे. झालं. चांगला मुलगा आहे माझा, आणि चांगल्याबद्दल माणूस सांगणार किती? कोणी विचारत पण नाही.

मंगेशचं मात्र सांगायला लागलं तर सरत नाही. डबा वाजव, दार वाजव, कॉलेजात गेला तो रत्नागिरीला गणपतीत ऑर्केस्ट्रात उभा राहायला लागला, परीक्षेत नापास, आणि एक दिवस ती गिटार घेऊन आला. चार तारांची, जाड तारा, बेस म्हणतात. मी म्हटलं वाजव बघू. वाजवली तर आवाजच नाही. म्हणजे कानाला नाही, पोटात कळतो. समुद्रात लांब लाँच चालली असली की इथे भिंतीला टेकलेल्या पाठीला कळते, तसं ते. मी म्हटलं हे कोण पैसे देऊन ऐकणार रे? तो म्हणाला काकी, हे कोणी ऐकत नाही, पण हे थांबलं तर सगळ्यांना कळतं. मी म्हटलं मग तुझं आणि माझं एकच आहे. हसला.

पुढे मुंबई. चार पोरं, केस इथपर्यंत, एक टेम्पो, आणि गावोगाव. गोवा, बंगळूर, शिलाँग, गुवाहाटी, एकदा जर्मनीलाही जाऊन आली. वर्षंच्या वर्षं तेच. शालू फोन घेऊन वाडीभर फोटो दाखवत फिरायची. मी विचारलं, ह्यात तुझा कुठला गो? म्हणाली तो काय वहिनी, मागे. मागे तर काळोख आहे. हां, काळोखातच, पाय दिसतायत ना, ते त्याचे. इतकी हवा करून पाय दाखवायचे, पण मिरवायची अशी की जसा तोच मधे उभा आहे. आणि मला तेही बघवत नव्हतं. माझ्याकडे प्रसादचा फोटो होता टेबलामागे बसलेला, पूर्ण दिसतो त्यात तो, पण बघणार कोण?

मग मधेच ते भराभर बोलायचं सुरू झालं, रॅप म्हणतात. नावही बदललं. देवाचं नाव ठेवलं होतं ते टाकून जांभा घेतलं. दगडाचं नाव! फोनवर आला तो, आमच्याच पाखाडीवर, ह्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवर उभा राहून, अंगात बनियन, आणि अशा शिव्या, अशा शिव्या. मी म्हटलं शालू, हे काय गो तुझा म्हणतोय? ती म्हणाली ते इंग्रजी आहे वहिनी. मी म्हटलं मी चौथीच शिकले आहे, पण शिव्या मला कळतात. तर दुसऱ्या दिवसापासून वाडीतली पोरं त्या पाखाडीवर उभी राहून फोटो काढायला लागली. ती पाखाडी रोज झाडते मी. तिचं कौतुक झालं, त्याचं झालं, त्याच्या आईचं झालं.

आता बोटीचं सांगते. ती बोट माझी आहे, म्हणून सांगते. एकदा हळदीकुंकवाला वाडीबाहेरच्या एकीनं, तिला त्याच्या वाजवण्याचं ठाऊक नव्हतं, विचारलं, मंगेश दिसत नाही तो? आणि माझ्या तोंडून गेलं, बोटीवर असतो. काय सांगायचं दुसरं? इथे दर घरातला एक तरी बोटीवर आहे. सहा सहा महिने घरी नाही, परदेशातून फोन, पैसे आले तर एकदम आले नाहीतर नाहीत, सगळं तंतोतंत बसतं. बाई खूष झाली. शालूनं ते ऐकलं आणि उचललं. चार दिवसांत तो इंजिनात गेला, वर्षभरात तिनं त्याला बढती दिली. मान तिला, बोटीवरच्या मुलाची आई म्हणून बाहेरगावच्या लग्नात पुढची खुर्ची तिला. बोट काढली मी आणि बसली ती. जळणार नाही तर काय होणार सांगा.

तर त्या बोटीवर स्थळ चालून आलं. भाट्याकडची मुलगी, देखणी, आणि तिच्याबरोबर तिचा काका, तो स्वतः जहाजावरून निवृत्त झालेला इंजिनिअर. नेमका तोच आला, ह्याला काय म्हणायचं. मंगेश तेव्हा घरी होता, कानात बाळी. पोहे झाले. काकांनी विचारलं कुठच्या मार्गावर असता? शालू म्हणाली समुद्राच्या. मी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले ते झालंच हो, पण इंजिनात पाळी कुठली असते तुमची? मंगेशनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, काका, मी बोटीवर नाहीच, मी बेस वाजवतो. शालू ट्रेमधे रिकाम्या बश्या गोळा करायला लागली.

मला वाटलं आता उठतील. तर तो म्हातारा म्हणाला, वाजवून दाखव. मंगेशनं तो पेटीसारखा स्पीकर काढला, लावला, वाजवायला लागला, तर काका उठले, खाली बसले आणि पेटीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. म्हणाले पोरा, हा तर आमचा जनरेटर रे. किती वेळ तसेच बसले. जाताना त्याला म्हणाले, कान सांभाळ, माझा एक गेलाय ह्यातच. माणूस चांगला होता. पोरगी काही दिली नाही. बरोबर केलं, मीही दिली नसती. मग शालू वाडीत सांगत सुटली की बोटीचं वहिनींनी उठवलं. म्हणजे मान होता तेव्हा बोट तिची आणि बुडाली तेव्हा माझी.

बघा, भांडं आपटलं तिकडे. म्हटलं ना ऐकते म्हणून.

पण त्या म्हाताऱ्याचं खरं झालं. काही वर्षांनी मंगेश घरी आला तो परत गेलाच नाही. कानात घुंईं वाजायचं त्याच्या, बाहेर सगळं शांत असलं तरी आत वाजतच राहायचं. डॉक्टरनं सांगितलं मोठ्या आवाजात उभा राहिलास तर उरलेलंही जाईल. बाकीची तीन पोरं दुसरा बेसवाला घेऊन पुढे गेली. हा पडवीत बसून राहायचा, दाढी वाढलेली. शालू रडायची. मी रडले नाही. रडून कान बरा होतो का? मी त्याला फणस फोडायला बसवायचे, हाताला चीक लागला की माणूस दुसरा विचार करत नाही.

त्या पडवीत वाडीतली बारकी पोरं यायला लागली. तो हळू वाजवायचा, अगदी हळू, कानाला सोसेल एवढंच, आणि पोरं ऐकायला जवळ सरकायची. मोठ्यानं वाजवणाऱ्याकडे पोरं नाचतात, हळू वाजवणाऱ्याकडे पोरं गप बसतात, हे मी तेव्हा बघितलं. मग त्यानं पोरांसाठी गाणी केली. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं गाणं, एस्टीचं गाणं, फणसाच्या चिकाचं गाणं. तेच ते भराभर बोलणं, शिव्या काढून. बालवाडीच्या बाईंनी बोलावलं, मग शाळांनी, मग गणपतीपुळ्याच्या हॉटेलवाल्यांनी, पाहुण्यांच्या पोरांसाठी. फोनवर चढला. जांभा गेला आणि मंगेशदादा झाला. इतकी वर्षं देशभर फिरून काळोखात उभा होता, आणि नाव झालं ते घरी येऊन पडवीत बसल्यावर.

आणि माझ्या पोटदुखीला तिथून खरी सुरुवात झाली. लोक गाड्या घेऊन यायला लागले, पोरांना घेऊन, मंगेशदादाचं घर बघायला. शालू सकाळी सकाळी चांगली साडी नेसून तयार. मंगेशदादाची आई कोण? मी. या, बसा. फोटो. काही लागलं की भिंतीवरून हाक, वहिनी, जरा चहा टाकता का, माझं दूध संपलंय. तिचं दूध बरं रोज संपायचं. चहा माझा, फोटो तिचा. कोणी विचारलं ह्या कोण, तर म्हणायची आमच्या जाऊबाई, इथेच असतात. इथेच असतात! मी काय भाडेकरू आहे? हा दिवसभर कोणाकडे वाढला ते विचारा की कोणीतरी.

म्हणून मी त्याची गाणी ऐकायची सोडली. मुद्दाम. पडवीत पोरं जमली की मी माझं दार लावून घ्यायचे, रस्त्यावर कोणाच्या फोनवर त्याचा आवाज आला की चालू लागायचे. तो यायचा, काकी काय केलंयस, टोपात बोटं घालायचा, मी वाढायचे, पण गाण्याचं मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्याच सुमाराला एक गोष्ट व्हायला लागली होती. रस्त्यानं जाताना पोरं माझ्याकडे बघून एकमेकांना कोपर मारायची, हसायची. मला वाटलं साडी उलटी नेसलेय की काय. दोनदा तर घरी येऊन आरशात बघितलं.

गेल्या मे महिन्यात प्रसाद आला, बरोबर नात, स्वरा, पहिलीतून दुसरीत गेलेली. मी घावने करून वाट बघत बसले होते. पोरगी रिक्षातून उतरली, चपला भिरकावल्या आणि सरळ त्या दारानं आत. मंगेशकाका, मंगेशकाका. माझी नात, माझ्या रक्ताची, आणि पहिला पाय तिकडे. घावने गार झाले. शालू भिंतीवरून म्हणते, वहिनी, स्वरा इथेच जेवेल हां. मी घावने झाकून ठेवले. त्या दिवशी मला जे झालं ते मी कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते, मला वाटलं की ही बाई एकेक करून सगळी पोरं भिंतीपलीकडे नेणार आणि मी इथे विळीवर बसून राहणार.

संध्याकाळी पोरगी आली माझ्याकडे, म्हणाली आजी, तू मंगेशकाकाची कोण? मी म्हटलं काकी. तिचं तोंड उघडंच राहिलं. म्हणाली तू? तूच काकी? आणि पळत गेली तिकडे. मला काही कळलं नाही. मी म्हटलं आता ह्यात काय नवल, काकी काय कोणाला नसते?

त्याच आठवड्यात त्याचा रत्नागिरीला मोठ्या हॉलमधे कार्यक्रम होता, सुट्टीतल्या पोरांसाठी. कागद लागलेले सगळीकडे, आणि त्यात आईचा सत्कार, शाल, श्रीफळ. शालूनं ब्लाउज शिवायला टाकला. मी म्हटलं माझे गुडघे दुखतात, मी येणार नाही. आदल्या संध्याकाळी मंगेश आला आणि म्हणाला, काकी, तुझी विळी नेऊ का, उद्या देतो. मला वाटलं हॉलवर माणसांचं जेवण करणार असतील. ने म्हटलं, पण धार बोथट करून आणलीस तर बघ. आणि सकाळी स्वरानं माझा पदर धरला, तो सोडेना. आजी, तू नाही आलीस तर मजाच नाही. मला वाटलं पोरगी गोड बोलते. गेले.

हॉल भरलेला. आम्हाला पुढे बसवलं, शालू मधल्या खुर्चीत, नवी साडी, मी कडेला. शाल झाली, श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या. मग मंगेश म्हणाला हे गाणं माझ्या आईसाठी, आणि तिची ती अंगाई, त्यानं नव्यानं बांधलेली, गायला. खरं सांगते, चांगली होती. शालूच्या डोळ्यांना पाणी आलं. पण पोरं! एकाला शू लागली, दुसऱ्याला वेफर्स पाहिजेत, तिसरा खुर्चीखाली शिरला. आया टाळ्या वाजवतायत आणि पोरं चुळबुळ करतायत. भर दुपारी अंगाई कोणाला पाहिजे? मला बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

मग काळोख केला आणि मधे एकच दिवा. आणि त्या दिव्यात काय, तर माझी विळी. पाटावर मंगेश बसलेला, पाय दाबून, हातात नारळाची वाटी, विळीला कसलीशी वायर लावलेली. त्यानं खवायला सुरुवात केली. खर्र खर्र, खर्र खर्र. सगळ्या हॉलमधे तो आवाज. मागून दुसरा एक पोरगा बेस वाजवायला लागला, हळू. आणि पोरं उठून उभी राहिली. अजून एक शब्द झाला नाही तर सगळी उभी. मग मंगेश म्हणाला:

पाय धू, पाय धू, आधी पाय धू,
वाळू काय घरात पिकवणार तू?

आणि सगळा हॉल ओरडला, धुतो गं काकी!

टाचा घास, घोटे घास, बोटांमधली काढ,
ओल्या चड्डीत झोपाळ्यावर चढ मेल्या चढ!

धुतो गं काकी! धुतो गं काकी!

माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं मेल्यानं चारचौघांत माझी थट्टा केली. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण माझेच, मेल्यासकट माझे, आणि खवण्यावर बोलायची माझी ती ओढ, वाटी फिरवताना मधे श्वास घ्यायचा तोसुद्धा माझा. स्वरा माझ्या मांडीवर चढून मागच्या लायनीला सांगत होती, ही काकी, खरी काकी, ही माझी आजी आहे. पोरं वळून वळून बघतायत, आया मोबाइल काढतायत. मी उठून जाणार होते. उठायच्या आधी सहज बाजूला बघितलं, शालूकडे. ती शाल मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा मी ओळखला. आरशात रोज बघते मी तो. मी परत टेकले आणि गाणं पूर्ण ऐकलं.

गाणं संपलं, पोरं म्हणाली पुन्हा काकी, पुन्हा काकी. पुन्हा म्हणावं लागलं त्याला. अंगाई पुन्हा कोणी मागितली नाही.

तिथे कळलं की हे गाणं वर्षभर गाजत होतं. शाळाशाळांतून, फोनवर, सगळीकडे. फक्त मला ठाऊक नव्हतं, कारण मी दार लावून बसले होते. शालूला ठाऊक होतं. माझ्या हातचा चहा पाहुण्यांना देताना ठाऊक होतं, जाऊबाई इथेच असतात म्हणताना ठाऊक होतं. कोणी म्हणालं असेल, काकी कुठे आहेत, तर हिनं सांगितलं असेल झोपल्यात. नाही सांगितलं तिनं मला. मी तिच्या जागी असते तर मीही सांगितलं नसतं.

घरी आल्यावर मंगेशला धरला. म्हटलं मला सांगितलं का नाहीस रे? म्हणाला भ्यालो, तू मारशील म्हणून घरात कधी म्हटलंच नाही. मी म्हटलं आईचं गाणं गोड आणि माझं हे असं? मान खाली घालून म्हणाला, आईचं मी किती वेळा लिहिलं आणि खोडलं काकी, तुझं मला लिहावंच लागलं नाही. मी म्हटलं ते राहू दे, विळी कुठे आहे? तर म्हणतो, वायर चिकटवलीय तिला, पुढच्या कार्यक्रमाला पाहिजे. बाजारातून नवी आणून दिलीन. चकचकीत, आणि दाते असे की नारळ खवत नाही, नुसता कुरवाळते.

शालू चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी भिंतीवरून म्हणाली, तुमची बदनामी केली हो त्यानं, मला बाई आवडलं नाही. मी म्हटलं करू दे गो. मग म्हणते, पण शाल मला दिली. मी म्हटलं हो, शाल तुला दिली. आता लोक येतात ते तिच्या दारानं येतात आणि विचारतात काकी कुठल्या, मग ती भिंतीवरून हाक मारते, वहिनी, तुम्हाला बोलावतायत. ती हाक मारताना तिचा आवाज कसा होतो ते ऐकायला तुम्ही पुन्हा या. आणि दूध आताशा संपत नाही तिचं.

पण माझं काही साधलं असं समजू नका. एक तर माझं ओरडणं गेलं. पोरं वाळूचे पाय घेऊन मुद्दाम पुढच्या दारात येऊन उभी राहतात, मी तोंड उघडलं की धुतो गं काकी म्हणून नाचतात. खरी रागावले तरी हसतात. परवा स्वरानं फोनवर सांगितलं, आजी, ओरड ना, माझ्या मैत्रिणींना ऐकायचंय. प्रसाद मागून म्हणाला, आई, गोळ्या घेतल्यास का. आणि दुसरं, मंगेश जेवतो तिकडेच. कार्यक्रमाहून आला की शालू ताट वाढून बसलेली असते, तिच्या हातचं जेवतो, तिच्याकडेच निजतो. आई ती आई, ह्यात माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण म्हणून उपयोग नाही.

फक्त एक. आता चाळिशी उलटली त्याची, तरी गाडीतून उतरला की मागल्या बाजूनं येतो, माझ्या न्हाणीवर. तिच्याकडे मोरी आहे, नळ आहे, सगळं आहे. तरी इथे येतो, टाचा घासतो, बोटांमधली नसलेली वाळू काढतो, मग तिकडे जेवायला जातो. मी आतून बघते आणि काही बोलत नाही, बोलले तर तेही गाण्यात घालील. बसा जरा, यायची वेळ झालीच आहे त्याची, चहा टाकते. सुखी राहू दे त्याला. देव त्याचे कान बरे ठेवो, आणि माझी विळी मला परत देण्याची बुद्धी त्याला देवो.